दस्तगीरचाचांची न बदलणारी पानं

संगणकापुढं बसण्याआधी दस्तगीरचाचा हात धुवायचे. नळाखाली पार कोपरापर्यंत, साबण लावून, आणि मग खांद्यावरच्या टॉवेलला एकेक बोट पुसून. मला वाटलं, नमाजाच्या आधीची सवय असेल. एकदा तसं विचारलंही. ते म्हणाले, "न्हाई बेटा. तीस वर्षं हाताला रंग असायचा. पाटीवर बोट उमटलं की पाटी गेली. आता रंग न्हाई, पण हाताला कुटं ठाऊक हाय ते?"

सोलापुरातल्या कितीतरी जुन्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. मग फ्लेक्स आले आणि वर्षा-दोन वर्षांत हातानं पाट्या रंगवून घेणारं गिऱ्हाईक संपलं. चाचांच्या बरोबरीच्या पेंटरांपैकी कुणी रिक्षा धरली, कुणी घरांना चुना मारू लागलं. चाचा कॉम्प्युटरच्या क्लासला गेले. वय सेहेचाळीस. शेजारच्या खुर्च्यांवर बारावी झालेल्या मुली. शिकवणारा पोरगा त्यांना 'अंकल' म्हणायचा आणि त्यांना काय येणार म्हणून निम्म्या गोष्टी सांगायचाच नाही. त्या क्लासमधून वेबसाइट करायला शिकून तोच धंदा करणारे पुढं एकटे चाचाच निघाले.

माझी त्यांची गाठ पडली ती मी पुण्याची नोकरी सोडून परत आल्यावर. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि आईला एकटीला निभत नव्हतं. एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांत चाचांचं ऑफिस होतं. तिथं माणूस हवंय असं कळलं म्हणून मी गेले. माझा अनुभव, माझ्या पदव्या त्यांनी काहीच विचारलं नाही. कोरा कागद पुढं सरकवला.

"'चौकशी' लिव."

मी लिहिलं.

"'निर्मिती' लिव. 'विक्रीसाठी' लिव."

तिन्ही शब्दांच्या वेलांट्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "उद्यापास्नं ये."

स्वतः बोलताना 'लिवलं', 'कुटं' म्हणणारा हा माणूस लिहिताना मात्र एक ऱ्हस्व-दीर्घ चुकू द्यायचा नाही. पाटीवरची चूक दहा वर्षं रस्त्यावर उभी राहते, म्हणायचे. प्रत्येक वेबसाइटचं प्रत्येक पान ते आधी आलेखाच्या कागदावर पट्टीनं आखायचे, अक्षरं पेन्सिलीनं भरायचे, आणि ते गिऱ्हाइकाला दाखवून त्याची सही घेतल्याशिवाय संगणकाला हात लावायचे नाहीत. तयार साचे त्यांना चालत नसत. सगळं हातानं, एकेक ओळ. माउस चिमटीत असा धरायचे, जणू ब्रशच.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाशी पहिली बोलणी होतात ती वेबसाइट स्टॅटिक हवी की डायनॅमिक यावर. स्टॅटिक म्हणजे एकदा लिहिलेली पानं. जो येईल त्याला तीच दिसतात, आणि त्यातलं अक्षर बदलायचं तर ज्यानं लिहिलं त्यालाच बोलवावं लागतं. डायनॅमिकच्या मागं माहितीचा साठा असतो. मालक स्वतःच्या मोबाईलवरून माल, भाव, फोटो हवे तेव्हा बदलतो, ऑर्डरी घेतो. चाचा हे सगळं थोडक्यात आटपायचे. "एक रंगवल्याली पाटी आन् एक खडूचा फळा. फळा पाहिजे तर खडू कुणाच्या हातात देणार, ते आदी सांगा."

मी पुण्यात पाच वर्षं डायनॅमिकच केलेली. पाटी रंगवून देण्याचा काळ गेला असं माझं मत होतं आणि ते मी त्यांना पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. ते रागावले नाहीत. "चल," म्हणाले, "नरसय्याशेठकडं जाऊ. तू तुजं सांग, मी माजं सांगतो."

नरसय्याशेठचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना होता. त्यांचा मुलगा हैदराबादहून शिकून आला होता आणि त्याला वेबसाइटवर सगळं हवं होतं. गिऱ्हाइकाचं खातं, खरेदीची टोपली, रोज बदलणारे फोटो, इंग्रजी-तेलुगू-हिंदी. मी खूश. माझ्या वहीत भराभर टिपणं होत होती. चाचा उठून यंत्रमागांच्या शेडमध्ये गेले. तिथं त्या खडखडाटात दोन तास फिरले, कामगारांशी बोलले, एकाच्या डब्यातला घास खाल्ला, आणि कानात घातलेला कापूस तसाच ठेवून परत आले.

"शेठ, शेवटचं नवं डिझाइन कवा काढलं?"

शेठना आठवेना. त्यांनी मुलाकडं पाहिलं. मग हसायला लागले. "थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी."

"मुलगी कशी हाय?"

"तिचा मुलगा आता नववीला आहे."

"सहा डिझाइनी, चार रंग. वडलांच्या टायमापास्नं तेच. आन् त्येच लोकांना आवडतंय. मग रोज बदलायचं काय? फोन कोण घेतं?"

"मीच घेतो."

"मग तुमचा नंबरच मोटा करून लिवू की."

पाच पानं झाली. टॉवेलचे फोटो चाचांनी स्वतः काढले, दोरीवर वाळत घालून, सकाळच्या उन्हात, सुताचा दाणा दिसेल असे. मुलगा आठ दिवस आमच्याशी बोलला नाही. पण त्या पाच पानांवरून केरळातल्या एका हॉटेलवाल्यानं शेठना फोन केला आणि पुढं दर वर्षी करत राहिला. शेठ भेटेल त्याला सांगायचे, "पाच पानं आहेत, पण एक अक्षर खोटं नाही."

चाचांना याचा अभिमान होता. आज मला वाटतं, जरा जास्तच होता. रंगवलेली पाटीच बरी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होत गेलं. ज्याला फळा खरंच लागणार होता त्यालाही ते पाटीच देऊ लागले. मी वाद घालायची, ते ऐकून घ्यायचे, चहा सांगायचे, आणि शेवटी त्यांचंच व्हायचं.

शिवानंदचं तसंच झालं. अक्कलकोट रोडलाच त्याचं वेल्डिंगच्या गॅसचं दुकान. त्यानं नुकतेच घरी आजारी असलेल्या माणसांसाठी ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवायला सुरुवात केली होती. तरुण, उत्साही माणूस. तो म्हणाला, "चाचा, किती सिलिंडर शिल्लक आहेत ते पानावर दिसायला पाहिजे. मी मोबाईलवरनं बदलत जाईन."

चाचांनी विचारलं, "तुजे सिलिंडर कवा संपलेत का?"

"अजून तरी नाही. गाडी रोज येते."

"मग कशाला आकडा? मिळतील म्हणजे मिळतील."

मी तिथंच बसले होते. "चाचा, याला डायनॅमिकच बरं," असं म्हणालेही. त्यांनी हातानंच 'राहू दे' केलं आणि आलेखाचा कागद ओढला. मोठ्या निळ्या अक्षरांत त्यांनी आखलं: 'ऑक्सिजन सिलिंडर मिळतील. चोवीस तास.' खाली पत्ता आणि फोन नंबर. अक्षरं फार सुंदर होती. लांबून वाचता येतील अशी.

दोन वर्षं त्या पानावरचं प्रत्येक अक्षर खरं होतं.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. पहिल्याच तडाख्यात चाचांना दवाखान्यात न्यावं लागलं. चाची घरात एकट्या, त्यांनाही ताप. ऑफिस बंद. त्याच सुमारास शिवानंदची रोजची गाडी यायची थांबली. होते ते सिलिंडर एका सकाळी संपले आणि तरी लोक येतच राहिले. कुठून येताय विचारलं की फोनवरचं पान दाखवायचे. शिवानंदनं चाचांना फोन लावला. तो लागला नाही. मग त्यानं मला केला.

"ताई, ती ओळ काढा. माझ्याच्यानं लोकांची तोंडं बघवत नाहीत."

पान बदलायचा पासवर्ड माझ्याकडं नव्हता. तो चाचांच्या वहीत, वही ऑफिसच्या खणात, आणि ऑफिसची किल्ली चाचांच्या घरी. चाचींनी ती दारातून फेकली असती. मला फक्त जाऊन ती उचलायची होती. पण माझ्या घरी अंथरुणावर खिळलेले वडील होते आणि चाचांच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधलेले होते. मी घाबरले. शिवानंदला म्हणाले, "दोन दिवस थांबा. चाचांना जरा बरं वाटलं की पासवर्ड विचारून घेते."

तिसऱ्या दिवशी दुपारी मंगळवेढ्याकडून एक जीप आली.

हे सगळं मला नंतर कळलं, थोडं शिवानंदकडून, थोडं सविताकडून. मंगळवेढ्याच्या पुढच्या एका वाडीत बिराप्पा नावाचे एक मेंढपाळ राहतात. थोडी ज्वारीची जमीन, पन्नासेक मेंढरं. त्यांच्या बायकोला, ताराबाईंना, दम लागला होता. सोलापुरातल्या एका दवाखान्यानं सांगितलं, खाट देतो, सिलिंडर तुमचा तुम्ही आणा. सविता ही त्यांची लग्न झालेली मुलगी, माहेरी आलेली. तिनं फोनवर शोधलं. मोहोळला एकाकडं एक सिलिंडर आहे असं कुणीतरी सांगत होतं, पण ते ऐकीव. इथं तर ठळक लिहिलेलं होतं. मिळतील, चोवीस तास. नंबर लावला तर सारखा गुंतलेला. वडील म्हणाले, "मोहोळला जावं का?" सविता म्हणाली, "नको आबा, इथं नक्की आहे."

दुकानाचं शटर बंद होतं. त्यावर शिवानंदनं पुठ्ठा चिकटवला होता, 'सिलिंडर संपले आहेत'. सवितानं शटर वाजवलं. आतून शिवानंद बाहेर आला, त्यानं हात जोडले, इकडंतिकडं फोन केले. मोहोळचा सिलिंडर तोवर दुसऱ्या कुणी नेला होता. ताराबाई त्याच रस्त्यावर, जीपमध्ये, मुलीच्या मांडीवर गेल्या.

चाचा महिन्याभरानं ऑफिसात आले. कपडे अंगावर लोंबत होते. जिना चढताना तीनदा थांबले. हात धुतले, खुर्चीत बसले, आणि तेवढ्यात शिवानंद आला. बरं वाटतंय का विचारायला आला होता, पण त्याला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. चाचा ऐकत होते. मी खिडकीपाशी उभी होते. शिवानंद मला केलेल्या फोनबद्दल आता बोलेल, मग बोलेल, म्हणून मी बाहेरच बघत राहिले होते. तो बोलला नाही. निदान माझ्यासमोर नाही.

शिवानंद गेल्यावर चाचांनी ते पान उघडलं. निळ्या अक्षरांची ती ओळ अजून तशीच होती; वहीतल्या पासवर्डशिवाय ती कुणाला काढता आली नव्हती. ती पुसायला त्यांना बराच वेळ लागला. 

"त्या लोकांचं गाव कुटलं म्हनला तो?"

"चाचा, आत्ता नको. तुम्हाला जिना चढवत नाही."

"एस्टीला जिना न्हाई, बेटा."

आठ-दहा दिवसांनी आम्ही गेलो. मंगळवेढ्यापर्यंत एस्टी, पुढं माणसं कोंबून भरलेली वडापची जीप, आणि मग काळ्या रानातून पायवाट. चाचा पंधरा पावलं चालायचे आणि थांबायचे. एवढं लांब येऊन हा माणूस काय बोलणार आहे, ते मी विचारलं नाही. मला विचारायची लाज वाटत होती.

पत्र्याच्या घरापुढं बिराप्पा लोकर झाडत बसले होते. सवितानं पाणी आणून दिलं. चाचा बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मी दस्तगीर. सिलिंडरचं ते पान मी लिवलं होतं."

 सविताच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"बेटी, तू वाचलंस ते बरोबर वाचलंस. तू चुकली न्हाईस. तिथं खोटं लिवल्यालं होतं, आन् ते मी लिवलं होतं. येवढंच सांगाय आलो."

सविता खाली बसली आणि रडायला लागली. इतके दिवस ती रडली नव्हती, असं तिनं नंतर मला फोनवर सांगितलं. घरात कुणी तिला बोललं नव्हतं, पण 'नको आबा, इथं नक्की आहे' हे तिचं तिलाच ऐकू यायचं. झोपताना, भाकरी थापताना.

बिराप्पा उठले. चाचांच्या समोर आले. मला वाटलं, आता हात उगारतील. ते म्हणाले, "मानूस गेल्यावर आलाय व्हय सांगाय?"

"व्हय," चाचा म्हणाले.

"माजी बाय येती का परत?"

चाचांनी मान हलवली. बिराप्पांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि मेंढरांकडं निघून गेले. मागं वळून बघितलं नाही. आम्ही ऊन उतरेपर्यंत तिथं होतो, पण ते आले नाहीत.

परतीच्या एस्टीत खिडकीतून वारा येत होता. भीमेचा पूल आला तेव्हा मला राहवेना. म्हणाले, "चाचा, एक सांगायचंय. शिवानंदनं आधी मला फोन केला होता. मी किल्ली आणायला गेले नाही. मी दोन दिवस थांबा म्हणाले."

ते नदीकडं बघत होते. "म्हाईत हाय."

"शिवानंद बोलला?"

"ऑफिसात येऊन गेला त्याच राती बोलला. फोनवर."

"मग तिथं तुम्ही... सगळं स्वतःवरच का घेतलं?"

"तू लहान हायस. तुला लई वर्षं काढायची हायत अजून," चाचा म्हणाले. मग, "आन् बेटा, शिवानंद फळा मागत होता. तू बी सांगत होतीस. मीच दिला न्हाई."

यावर पुढं आमच्यात कधी बोलणं झालं नाही. मी आजही रात्रंदिवस मनानं त्या किल्लीपाशी जाते. जायला दहा मिनिटं लागली असती.

त्यानंतर चाचांनी एक काम हातात घेतलं. ज्यांच्याकडं काहीही संपू शकतं, बंद होऊ शकतं, बदलू शकतं, अशी आमची सगळी गिऱ्हाइकं त्यांनी काढली आणि एकेकाची वेबसाइट डायनॅमिक करायला घेतली. फुकट. साठी ओलांडलेली, छातीत अजून खरखर, आणि ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून माहितीचा साठा कसा बांधायचा ते शिकत होते. माझ्याकडून. वहीत लिहून घ्यायचे, शुद्ध अक्षरात. दुसऱ्या दिवशी तेच परत विचारायचे. पहिल्यांदा मला वाटलं, अवघड जातंय.

मंद्रूपच्या सुगलाबाई दोन जावांना घेऊन कडक भाकरी करायच्या. पातळ, कुरकुरीत, महिनाभर टिकणाऱ्या. त्यांचं एक साधं पान चाचांनीच पूर्वी केलं होतं. आता त्यावर चाचांनी एकच बटण बसवलं. भाकरी असली की हिरवं, संपली की लाल. ते शिकवायला आम्ही मंद्रूपला गेलो. सुगलाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसून फोन घेतला.

"संपलं की ह्ये दाबायचं," चाचा म्हणाले. "सगळ्यांना कळतंय मग."

"अवो चाचा, संपली म्हून जगाला कशाला सांगू? उद्या करीन की! गिऱ्हाईक जाईल न्हवं माजं."

"जाऊ दे."

"आँ?"

"लांबनं यिऊन बंद दार बघण्यापरास घरातनंच कळल्यालं बरं."

सुगलाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्या हुशार बाई होत्या, पुढं काही न विचारता बटण दाबून बघितलं. लाल झालं. "ह्ये बघा," म्हणाल्या, "संपली." आणि आम्हाला मात्र चार-चार भाकरी बांधून दिल्या.

रोज सकाळी चाचा एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायचे. "आज पानावरचं सगळं खरं हाय का?" एवढाच प्रश्न. सुरुवातीला लोकांना कौतुक वाटलं. मग कंटाळा आला. नरसय्याशेठ म्हणायचे, "चाचा, टॉवेल आहेत हो, टॉवेल कुठं जातात?" पण फोन घ्यायचे. काही जणांनी चाचांचा नंबर ब्लॉक करून ठेवला. ते चाचांच्या लक्षात यायचं नाही. लाइन लागत नाही म्हणायचे.

पुढं पुढं एकाच सकाळी एकालाच दोनदा फोन जायला लागले. मग तीनदा. पानं लिहिताना ओळीच्या सुरुवातीला घातलेली खूण शेवटी बंद करायची राहू लागली. आमच्याकडं अशी एक खूण राहिली की अख्खं पान वाकडं होतं. ज्या माणसानं पंधरा वर्षांत कधी असली चूक केली नाही, तो वाकड्या पानाकडं बघत बसायचा आणि कुठं चुकलं ते त्याला सापडायचं नाही. ते घरी गेले की मी दुरुस्त करायची. एकदा म्हणाले, "बेटा, माज्यामागं कोण तरी पानं सरळ करतंय." मी म्हणाले, "नाही हो चाचा, तुम्हीच करता." त्यांनी माझा हात थोपटला. तेवढं त्यांना कळत होतं.

डॉक्टरांनी चाचींना सांगितलं, त्या आजारात मेंदूला हवा कमी पडली असेल, वयही आहे, आता असंच उतरत जाणार. एका दिवशी चाचा ऑफिसला निघाले आणि जुन्या पेंटच्या दुकानासमोर, जिथं आता मोबाईलचं दुकान आहे, तिथं निळा रंग मागत उभे राहिले. त्यानंतर चाचींनी त्यांना एकटं सोडलं नाही. ऑफिस मी चालवू लागले.

सविताचा महिन्या-दोन महिन्यांनी मला फोन असायचा. चाचांची तब्येत विचारायची. आता ते माणसं ओळखत नाहीत असं मी तिला सांगितलं. मग तिनं घराचा पत्ता विचारून घेतला.

नंतरच्या एका दुपारी मी चाचांकडं गेले तर दारात चपला होत्या, धुळीनं पांढऱ्या झालेल्या. आत पलंगापाशी बिराप्पा बसले होते. भिंतीला ज्वारीचं अर्धं पोतं टेकवलेलं. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. सविता आली नव्हती, एकटेच आले होते. चाचा उशीला टेकून बसले होते आणि पाहुण्याकडं अदबीनं बघत होते. ओळख नव्हती, पण घरी आलेल्या माणसाशी बोललं पाहिजे, एवढं त्यांना उरलं होतं.

"कुटनं आलात?"

"मंगळवेढ्याकडनं."

ते नाव ऐकल्यावर चाचांचे हात चादरीवर इकडंतिकडं फिरायला लागले. काहीतरी शोधल्यासारखे. चाची पुढं आल्या, पण त्यांनी चाचींना बाजूला केलं.

"मंगळवेढ्याची एक बाई होती," चाचा म्हणाले. "लई दम लागला होता तिला. सिलिंडर पाहिजे होता." त्यांचा श्वास चढला. "तिचं काय झालं, तुमाला म्हाईत हाय का?"

 चाचींनी तोंडावर पदर धरला. बिराप्पा खाली बघत होते, स्वतःच्या पायांकडं. मग त्यांनी मान वर केली.

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "मिळाला तिला सिलिंडर."

"मिळाला?"

"व्हय. येळंवर मिळाला. बरी हाय आता. मेंढरांमागं जाती."

चाचा त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी बिराप्पांचा हात धरला, छातीवर ओढून घेतला आणि डोळे मिटले. ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. हळूहळू श्वास खाली बसला.

तीन आठवड्यांनी चाचा गेले. मातीला गेले होते मी, चेहराही पाहिला. पण तो लक्षात राहिला नाही. मला ते शेवटचे दिसले ते त्या दुपारी, निघताना दारातून वळून पाहिलं तेव्हा. चाचा झोपले होते. बिराप्पा पलंगाच्या काठाशी वाकून तसेच बसले होते. त्यांचा हात अजून चाचांच्या दोन्ही हातांत होता, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलासुद्धा तो त्यांनी सोडवून घेतला नव्हता.